एलआयसीचा माणूस

त्या रात्री पोरांनी मला एकच विचारलं, "तू फादर ना रे?" आणि मी म्हणालो, "नाही हो, मी एलआयसीचा माणूस."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. फादर कॅथलिकांचे. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात पास्टर असतो. नगरकडच्या जुन्या मंडळीत पाळकसाहेब म्हणतात. मला बायको आहे, दोन मुली आहेत, म्हणजे फादर तर मी कुठल्याच हिशेबाने नाही. आणि एलआयसीची एजन्सी माझ्याकडे वीस वर्षांपासून आहे, कारण पस्तीस घरांच्या मंडळीच्या दानार्पणात कोपरखैरण्याचं घरभाडं सुटत नाही. कोर्टात उभं केलं असतं तरी माझ्यावर खोट्याचा आळ आला नसता. तरीही ते वाक्य दाढेत अडकलेल्या मटणाच्या धाग्यासारखं राहिलं. जीभ सारखी तिकडेच.

झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकंच होतं. तुर्भ्याच्या वरच्या अंगाला पारसिकच्या डोंगरात दगडखाणी आहेत, त्यांच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती आहे. कुणी बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेलं, कुणी सोलापूरकडचं, काही वडार कुटुंबं. आख्ख्या नवी मुंबईच्या इमारतींना लागलेली खडी फोडणारी ही माणसं, आणि स्वतः राहतात पत्र्याखाली. तिथे एका मावशींच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी आमची प्रार्थनासभा. दहा बाय बाराची खोली. मावशींच्या फळीवरची सगळी भांडी कायम पालथी, कारण क्रशरची पांढरी धूळ दार लावलं तरी आत येते. ताट सुलटं ठेवलं तर जेवायच्या आधी पुन्हा धुवायला लागतं. एक ढोलकी, एक टाळांचा जोड, दहाबारा माणसं. त्यातली निम्मी बाप्तिस्मा न घेतलेली आणि घ्यायची घाई नसलेली. मलाही नव्हती.

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला असेल. दुसरं गीत चालू असताना पंधरा-वीस पोरं आली. धर्मांतराचा धंदा बंद करा, पोरींना फूस लावता, वगैरे. एकाने ढोलकीवर लाथ मारली, पान फाटलं. एक प्लास्टिकची खुर्ची मोडली. मला छातीला धरून भिंतीशी ढकललं. तिघं मोबाइलवर चित्रण करत होते. माझ्या खांद्याच्या पिशवीत राज्यघटनेच्या 25 व्या कलमाची झेरॉक्स होती. असल्या वेळेसाठी म्हणून चार वर्षं जपून ठेवलेली, घड्या पडून मऊ झालेली. तिच्या मागे मी पेन्सिलने हेही लिहून ठेवलं होतं की धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा निकाल आहे. दोन्ही बाजू ठाऊक असलेला वक्ता मी. पिशवीची चेनही उघडली नाही. म्हणालो, एलआयसीचा माणूस.

"मग इथं काय करतो?"

"हप्ते गोळा करायला आलो होतो."

हे दुसरं वाक्य मात्र खोटं होतं.

मावशी चहा गाळत होत्या. हातातलं गाळणं तसंच धरून दारात आल्या आणि म्हणाल्या, "घर माझं हाय. कुणाला बोलवायचं न् कुणाला न्हाई ते मी बघीन." त्यांना कुणी हात लावला नाही. त्या गडबडीत मी बाहेर पडलो. चपला दाराशी राहिल्या. अनवाणी उतार उतरून तुर्भे स्टोअरपर्यंत आलो आणि रिक्षात बसलो, तेव्हा कळलं की पायाला खडी रुतून रक्त येतंय.

येशूचा शिष्य पेत्र, त्याने कोंबडा आरवायच्या आधी येशूला तीनदा नाकारलं, ही गोष्ट मी व्यासपीठावरून शंभरदा तरी सांगितली असेल. तो ज्या शेकोटीपाशी नाही म्हणाला तिचं वर्णन फार रंगवून करतो मी. तुर्भ्यात कोंबडा आरवला नाही. मार्केटकडे माल घेऊन आलेला एक ट्रक मागे घेताना पीप पीप करत होता, तेवढंच.

चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. तो विषय तिथेच संपला.

खरा घोळ पुढे झाला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर मजकूर फिरायला लागला: देवाच्या सेवकावर प्राणघातक हल्ला, प्रार्थना करा. पंधरा पोरांची पन्नास झाली होती, खुर्चीची काठी झाली होती. मी कुणालाही "असं नव्हतं" असं कळवलं नाही. महिनाभराने एका मेळाव्यात मला साक्ष द्यायला बोलावलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. मी सांगितलं. छातीला धरलेला हात सांगितला, फाटलेली ढोलकी सांगितली, रक्ताळलेले पाय तर फारच छान सांगितले. लोक रडले. दानपेटी फिरली. परतताना लोकलमध्ये बायको घणसोलीपर्यंत गप्प होती. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "साक्षीत एलआयसीचं नाही आलं ते."

आमच्याकडे संकटाचं जरा जास्तच कौतुक आहे, असं मला आता वाटतं. मी नगर जिल्ह्यातला. लहानपणी संडेस्कूलमध्ये ज्या गोष्टी ऐकल्या त्यात मरणं फार होती. गॉर्डन हॉल 1813 मध्ये अमेरिकेहून मुंबईला आला, कंपनी सरकार परत पाठवत असतानाही चिकटून राहिला, मराठी शिकला. 1826 च्या मार्चमध्ये नाशिकला कॉलऱ्याच्या रोग्यांना औषधं वाटली आणि परतीच्या वाटेवर त्यालाच कॉलरा झाला. एका देवळाच्या ओसरीवर त्याने जीव सोडला. मिशनऱ्याचा शेवट देवळाच्या ओसरीवर! आमच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती. पण त्याच्यासोबत प्रवासाला काही पोरं होती. रात्री-अपरात्री परक्या गावात आपला साहेब मेलेला पाहणारी पोरं. त्यांचं पुढे काय झालं, कुठल्या वाटेने ती मुंबईला परतली, घरी जाऊन काय सांगितलं, ते कुठल्याही उपदेशात आलं नाही. गोष्ट ओसरीवर संपायची.

त्या गोष्टी ऐकत मोठा झालेला माणूस मनात कुठेतरी आपल्या पाळीची वाट बघत असतो. मीही बघत होतो, आता कबूल करायला हरकत नाही. आणि पाळी आली तेव्हा मी हप्ते गोळा करत होतो.

वस्तीत जायचं बंद केलं. कारणं भरपूर होती. पावसाने उतारावर शेवाळ, मग बीपीची नवी गोळी, मग धाकटीची परीक्षा. रविवारची उपासना चालू होती, कारण ती भाड्याच्या हॉलमध्ये, पक्क्या दरवाज्याआड. गुरुवार आला की मी डायरीत कुठलातरी क्लेम शोधून ठेवायचो. रात्री जिन्यात पोरांचे पाय वाजले तरी छातीत धस्स व्हायचं. हे सांगायला लाज वाटते, पण भीतीपेक्षा लाज जास्त होती, आणि लाजेला औषध नसतं. तिला कामं लावून द्यावी लागतात.

असंच एक काम डिसेंबरात ठाण्याला निघालं. एका ग्राहकाची पॉलिसी मॅच्युअर झाली होती, कागद ठाण्याच्या शाखेत द्यायचे होते. साहेब जेवायला गेलेले, दोन तास हातात. स्टेशनाकडून जांभळी नाक्याची गर्दी तुडवत तलावपाळीला आलो आणि कठड्यावर बसून शेंगदाणे खात राहिलो. समोर मासुंदा तलाव, पलीकडे कौपिनेश्वराचा कळस, रंगायतनकडे बोटींगचे बदक, आणि पाठीमागे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. नाताळ जवळ आला होता, फाटकावर कागदी तारा टांगायचं काम चाललेलं. शिडीवरचा पोरगा आणि खालून सूचना देणारी बाई यांचं मराठीतून भांडण जुंपलं होतं, तारा वाकडा आहे की नाही यावरून.

तिथे बसल्या बसल्या मला सेमिनरीतला चर्चच्या इतिहासाचा तास आठवला. आमचे सर ठाण्याचे हुतात्मे फार चवीने शिकवायचे. 1321 साल. वास्को द गामा यायला अजून 177 वर्षं होती. ख्रिस्ती माणूस इथे पोर्तुगीजांनी आणला असं समजणाऱ्यांनी हे साल पाठ करावं. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चार जण चीनला निघालेले, जहाज ठाण्याला लागलं. टोलेन्तिनोचा म्हातारा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचं काम करणारा तिफ्लिसचा देमेत्रिओस. ठाण्यातल्या एका पूर्वेकडच्या पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबात उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, प्रकरण काजीपुढे गेलं, साक्षीला म्हणून या पाहुण्यांना बोलावलं, आणि बोलता बोलता विषय धर्मावर गेला. एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले. कुणाच्यातरी घरगुती कटकटीत साक्षीदार म्हणून जाऊन माणसं हुतात्मा होतात, हे सरांनी कधी हसून सांगितलं नाही. मला मात्र तेव्हाही गंमत वाटली होती.

त्यातले तिघेच आधी काजीपुढे गेले होते. पीटर घरी राहिला होता, सामान राखायला. त्याला दोन दिवसांनी धरलं. शेंगदाण्याची पुडी हातात धरून मी त्या दोन दिवसांचाच विचार करत बसलो. चौघांची गाठोडी समोर ठेवून एक माणूस परक्या घरात बसलाय. पीटर म्हणजे पेत्रच की. त्यालाही कुणीतरी विचारलं असणार, तू त्यांच्यातलाच ना? हा पेत्र नाही म्हणाला नाही.

पण मी काही तो नव्हतो. त्याच्याशी नातं सांगण्याइतका निलाजरा मी झालो नव्हतो. माझी गाठ पडली पाचव्याशी.

पाचवा जॉर्डनस, दक्षिण फ्रान्सचा, दुसऱ्या संघाचा, डॉमिनिकन. तोही यांच्याबरोबरच उतरला होता, पण त्या दिवसांत ठाण्यात नव्हता. सोपारा-भडोचच्या बाजूला गेला होता. परत येतो तो चौघे संपलेले. त्याने प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. पुढे ओडोरिक नावाचा आणखी एक प्रवासी आला, त्याने ती हाडं उकरून बरोबर चीनला नेली. जॉर्डनस मागे राहिला. सर त्याच्याबद्दल एका वाक्यात बोलायचे, कारण परीक्षेत प्रश्न चौघांवर यायचा.

त्याची त्या काळातली दोन पत्रं शिल्लक आहेत. त्यात शौर्य कुठेच नाही. एकटा पडलोय म्हणतो, दुखणी सांगतो, कैद सांगतो, त्यांच्याबरोबर मीही का गेलो नाही म्हणून हळहळतो. आणि त्याच पत्रात, त्याच दमात, कामाचं लिहितो: अमुक ठिकाणी माणसं पाठवता येतील, तमुक ठिकाणी वाव आहे, लवकर पाठवा. ऑफिसला रिपोर्ट पाठवावा तसं. 1329 मध्ये पोपने त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं. या देशाबद्दल त्याने जे लिहून ठेवलं त्यात नारळ आहे, आंबा आहे, आणि फणस आहे. फणसाबद्दल म्हणतो, एक फळ पाच माणसांना पुरतं.

पाच माणसांना. मी कठड्यावर बसून हे मोजत होतो. त्याने सहज लिहिलं असेल, फणस तेवढाच असतो. पण जो माणूस पाचांतला एकटा उरलाय, त्याला फणस बघून पाचच आकडा का सुचावा? असो, हा माझा पास्टरी खोडसाळपणा. आम्हाला कुठल्याही आकड्यातून उपदेश काढायची खोड असते. मला भिडलं ते एवढंच की चौघांना पुरल्यावरही हा माणूस फणसाकडे नीट बघू शकला. चव घेतली, किती जणांना पुरतो ते पाहिलं.

आणि मग ग्लॅडिस स्टेन्स आठवल्या. 1999 च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला त्यांचे यजमान, मिशनरी ग्रॅहम स्टेन्स, आणि दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, जीपमध्ये झोपलेले असताना जाळले गेले. आम्ही मेळाव्यांत नेहमी ती जीप सांगतो. ग्लॅडिसबाई मुलीला घेऊन त्यानंतर पाच वर्षं बारिपद्याला कुष्ठरोग्यांच्या कामात राहिल्या. मारणाऱ्यांना माफ केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण माफी एका दिवसात जाहीर करता येते. पाच वर्षं म्हणजे रोज सकाळी उठून बँडेजचा साठा मोजणं, कुणाच्या जखमेला वास येतोय ते बघणं. त्याची साक्ष कशी देणार? लोकांना रडू कसं येणार?

शाखेत गेलो, कागद दिले, संध्याकाळच्या लोकलने घरी आलो. काही प्रकाश वगैरे पडला नाही. पुढच्या गुरुवारीही मी वस्तीत गेलो नाही, हे मुद्दाम सांगतो.

जानेवारीत मावशींचा फोन आला. चार महिन्यांतला पहिला. मला वाटलं, आता ऐकायला लागणार. मावशी म्हणाल्या, "पास्टर, तुमी त्या दिवशी एलआयसीचं म्हणला ना?"

मी गप्प.

"मंग या की. आमच्यातल्या कुणाचंच काय काढलेलं न्हाई. ह्यांचं तर राहूनच गेलं." त्यांचे मालक तीन वर्षांपूर्वी गेले होते. आधी टीबी म्हणून गोळ्या खाल्ल्या, मग कळलं की टीबी नाही, सिलिकोसिस. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते, फुप्फुस आतून घट्टे पडल्यासारखं होतं, त्याला औषध नाही. घरात एक पैसा आला नव्हता.

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. बायकोचं मत, होता. आणि नीट लागला.

गेलो. भीती वाटत होतीच, उतार चढताना दोनदा थांबलो, दमलोय असं स्वतःला सांगत. मावशींच्या फळीवर पालथ्या भांड्यांच्या शेजारी माझ्या चपला होत्या. धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून. धूळ बसू नये म्हणून.

त्या दिवसापासून दर गुरुवारी आधी फॉर्म, मग प्रार्थना. वस्तीत निघणारा विमा माझ्या डायरीतला नव्हेच. तो बँकेतून निघतो. सरकारी योजनेतला जीवनज्योती वर्षाला 436 रुपये, दोन लाखांचा, मरण कशानेही येवो. पण त्यात शिरायचं तर वय पन्नासच्या आत हवं. सुरक्षा विमा 20 रुपयांत, सत्तरीपर्यंत चालतो, पण फक्त अपघाताला. मावशी पंचावन्नच्या. त्यांना वीस रुपयांचाच मिळाला. धुळीने मरणं हा अपघात नव्हे. हे त्यांना समजावून सांगताना माझी जीभ जितकी अडखळली तितकी ती त्या रात्रीही अडखळली नव्हती. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग थोरल्याचा मोठा काढा. तो सत्तावीसचा हाय. क्रशरवरच असतो."

यात मला एका पैशाचं कमिशन नाही. तरी मनात येतंच, की फॉर्म भरून देणं हे आमिष तर नव्हे? आमच्यातच काही जण आजार बरा होईल असं सांगून माणसं जमवतात, ते मला मुळीच पटत नाही. मग मी काय वेगळं करतोय? म्हणून मी नियम केला. फॉर्म दाराबाहेर, कट्ट्यावर, सगळ्यांसमोर. ज्याला आत यायचं नाही त्याने सही करून घरी जावं. बरेच जण जातात. त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघून पूर्वी मी खट्टू झालो असतो. हल्ली त्यांचं बँकेचं खातं चालू आहे ना, मे अखेरीला त्यात 436 शिल्लक राहतील ना, याची काळजी लागते. ते पैसे नसले तर विमा गुपचूप बंद पडतो आणि कळतं ते माणूस गेल्यावर.

ढोलकी अजून तशीच आहे. पान बदलून आणायचं ठरतं आणि राहतं. मावशींच्या धाकटीने तेलाचा पत्र्याचा डबा वाजवायला घेतलाय, आणि खरं सांगायचं तर तिचा हात ढोलकीवाल्यापेक्षा बरा आहे.

मागच्या महिन्यात कट्ट्यावर फॉर्म भरत होतो. एक पोरगा आला, विशीतला, हातात कडं, केस कडेने बारीक कापलेले. त्याच्या आईचा सुरक्षा विमा काढायचा होता. तो त्या रात्रीच्यांतला होता का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. आवाज तसा वाटला. पण वस्तीत निम्म्या पोरांच्या हातात कडं आहे, आणि आवाज सगळ्यांचे क्रशरच्या वर चढवलेले. मी आधार कार्ड घेतलं, आईचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. वारस म्हणून त्याचं नाव घातलं. तो माझ्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत उभा होता.

"तुम्ही ते फादर ना?" त्याने विचारलं.

पेन थांबलं. तळव्यांना घाम आला, खरंच आला.

"फादर नाही," मी म्हणालो. "पास्टर."

"तेच ते," तो म्हणाला. "आईची सही पाहिजे का अंगठा चालेल?"